निळी टाकी

आमच्या घरातल्या अवजारांना मी वर्षातून एकदाच हात लावत आले. खंडेनवमीला. त्या दिवशी सकाळी हे पाटावर धुतलेलं फडकं अंथरायचे आणि आपले पाने त्यावर ओळीने मांडायचे. आठ-नऊचा, दहा-अकराचा, बारा-तेराचा, मग पक्कड, पेचकस, छोटी हातोडी. मी हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची, एकेक फूल ठेवायची. पूजा झाली की एकेक पुसून परत पेटीत. एरवी त्या पेटीला हात लावायची मला बंदी होती. एकदा मी खिळा ठोकायला पाना वापरला, तर हे दोन दिवस बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी मी बोलले नाही.

हे गणिताचे शिक्षक, मी मराठीची. दोघंही निवृत्त. यांची शाळा चांदूर रेल्वेला होती आणि अमरावतीहून रोजचं जाणं-येणं मोटरसायकलने. गाडीत काहीही बिघडलं तरी ती मिस्त्रीकडे जायची नाही. रविवारी व्हरांड्यात गाडी उघडायची, संध्याकाळपर्यंत बंद करायची, आणि मध्ये कोणी जेवायला बोलवायचं नाही. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात आम्ही दोघं आणि ती गाडी, असे तिघं उरलो.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दसरा दोन दिवसांवर होता. हे आत पलंगावर होते, आणि मी बाहेर व्हरांड्यात एकटीने गाडीची पूजा केली. दरवर्षी करते त्याहून जास्त मनापासून केली, हे मला नीट आठवतं. टाकीवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, तांब्यातलं पाणी फिरवून टाकीवर सोडलं आणि गाडीला हात जोडून म्हटलं की यांना पुन्हा तुझ्यावर बसव. शिकल्यासवरल्या बाईने लोखंडाला असं म्हणावं, याची मला तेव्हा लाज वाटली नाही.

वर्षभरात बोलणं परत आलं, पण तुटक. काठी घेऊन अंगणापर्यंत चालणं आलं. उजवा हात मात्र दुसऱ्या कोणाचा तरी मांडीवर आणून ठेवल्यासारखाच राहिला. श्रावणात मी डॉक्टरांकडे एकटीच गेले आणि स्पष्ट विचारलं. त्यांनीही स्पष्ट सांगितलं.

"चालतील, फिरतील, काठीही कदाचित सुटेल. पण हाताची पकड येणं कठीण आहे. गाडीचं मनातून काढून टाका."

हे मला यांना सांगता आलं नाही. तीस वर्षं पोरांच्या तोंडावर गुण वाचून दाखवले, नापास झालेल्याला उभं करून नापास म्हटलं, आणि नवऱ्यासमोर माझी जीभ उचलेना. परतताना मी पेढे घेतले. घरी येऊन यांच्या डाव्या हातावर पेढा ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टर म्हने, दसऱ्यापर्यंत पाहू. चांगली सुधारना हाये." यांनी पेढा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे काठी टेकत व्हरांड्यात गेले आणि गाडीजवळ उभे राहिले. मला हाक मारून खाली बोट दाखवलं. फरशीवर ताटाएवढा डाग होता आणि टाकीच्या खालच्या कडेवरून थेंब थेंब गळत होतं. मला तो पेट्रोलचा वास दोन-तीन दिवस येत होता आणि मी तो शेजारच्यांच्या माथी मारला होता.

"सडली," हे म्हणाले. "दुसरी पाह्यजे."

"कोपऱ्यावरच्या मिस्त्रीले बलावते मी."

"नाई. घरी."

तरी मी मिस्त्रीला बोलावलंच. तो आला, टाकीखाली बोट फिरवून बघितलं, आणि यांच्या देखत म्हणाला, "काकू, इकून टाका ना भंगारात. काही राह्यलं नाई या गाडीत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे माणसाला दारातून हाकलण्यासारखंच आहे. हे मात्र टाकीवर डावा हात ठेवून उभे राहिले.

आता दुसरी टाकी आणणं मला भाग होतं. दसऱ्यापर्यंत पाहू असं मीच म्हटलं होतं, आणि आपल्याच खोट्याला आपणच टाकी आणून द्यायची वेळ आली. माझं माहेर अकोल्याचं. तिथे धाकट्या भावाला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, "ताई, टाकी भेटली. निरा तशीच हाये." मी बडनेऱ्याहून आगगाडी पकडून गेले. टाकी अगदी तशीच होती, फक्त आमची मरून आणि ती निळी. भावाने ती साबणाच्या पाण्याने धुऊन, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवून, आत एक थेंब राहणार नाही अशी वाळवली होती. पितृपक्ष चालू होता. वहिनी म्हणाली, या दिवसांत नवी वस्तू घेत नाहीत. मी म्हटलं, नवी कुठे आहे, जुनीच आहे, आणि तिचा आधीचा मालक बहुधा पितरांतच असेल. वहिनी काही हसली नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये ती टाकी जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. समोरची बाई मूर्तिजापूरपर्यंत माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "काय हाये वो बाई त्यात?"

"गाडीची टाकी."

"अन् मानूस कुठी हाये गाडीचं?"

"घरी हाये," मी म्हटलं, आणि खिडकीकडे तोंड केलं. तिने काही वाईट विचारलं नव्हतं. पण मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

घरी पोचल्यावर यांनी टाकी मांडीवर घेतली, बोटाच्या गाठीने चारी बाजूंनी वाजवली, झाकण उघडून वास घेतला. रंगाबद्दल एक शब्द नाही. "चालते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर त्यांनी पेटी आणायला सांगितली. मी आणली, आणि त्यांनी ती उघडून माझ्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला मान मिळाल्यासारखं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली.

हे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, काठी मांडीवर. पहिली सूचना, "दिवा." व्हरांड्याला लागूनच देवघर. मी आत जाऊन समई शांत केली, गॅसचं बटण पाहून आले. मग सीट. सीटचे दोन बोल्ट खालून. बारा-तेराचा पाना म्हणाले, तो मला लगेच सापडला, कारण दरवर्षी तिसरं फूल त्याच्यावर असायचं. सीट निघाली. तिच्याखाली यांच्या हाताने चिकटवलेली पट्टी होती, तेल कधी बदललं त्याच्या नोंदी, एकाखाली एक, सुवाच्य. शेवटची गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या आसपासची होती. मी ती वाचली आणि सीट बाजूला ठेवली.

टाकी मागच्या बाजूला एकाच बोल्टवर असते. तो निघाला की टाकी मागे ओढून उचलायची, पुढे फक्त रबरात बसलेली असते, असं यांनी तीन वेळा थांबून थांबून सांगितलं. सोपं वाटलं. पाना लावला आणि जोर केला. बोल्ट हलला नाही.

"उलटं," हे म्हणाले.

"उलटंच फिरवून राह्यली मी!"

"नाई. उलटं."

"तुमच्या बाजूनं उलटं का माह्या बाजूनं?"

यांना शब्द सापडेना. ओठ हलत राहिले, डावा हात हवेत फिरत राहिला. मी ज्या बाजूला उभी होते तिथून ते फिरवणं मला सुलटं दिसत होतं. मी आणखी जोर केला. अर्धा तास मी तो बोल्ट खोलत नव्हते, आवळत होते. हे लक्षात आलं तेव्हा तो असा बसला होता की पाना त्यावरून घसरायला लागला. घसरून माझी बोटं इंजिनावर आपटली आणि मधल्या बोटाचं नख उखडलं.

हे खुर्चीवरून उठले. काठी खाली पडली. मी धावणार तोवर ते गाडीला धरून उभे होते. त्यांनी माझ्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून पाना ओढला. यांचा श्वास माझ्या कानाशी होता. एका माणसाचे दोन हात आणि दुसऱ्याचा एक, असे तीन हात, आणि तो बोल्ट ढिम्म. पूर्वी हे काम ते शीळ वाजवत करायचे. दोन-तीनदा ओढून यांनी हात काढला, खुर्चीत बसले आणि रस्त्याकडे बघायला लागले. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. भांड्यांवर राग काढायचा तर सगळी घासलेली होती.

बाहेर आले तेव्हा यांनी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे बोट केलं. बोल्टवर तेल सोडलं, वरण-भात जेवलो, आणि दुपारी पुन्हा लावला तर कुरकुर करत निघाला. मला इतका आनंद झाला की मी टाकी दोन्ही हातांनी धरून एकदम वर उचलली. यांच्या घशातून मोठा आवाज आला. पेट्रोलच्या काट्याची वायर टाकीखालून जाते आणि ती आधी सोडवायची असते. ती तटकन तुटली. पेट्रोलची नळीही मी काढली नव्हती, ती ताणली जाऊन टाकी तिरपी लोंबत राहिली, आणि मी तिला पोटाशी धरून उभी. खाली ठेवता येईना, वर नेता येईना.

"मले नाई जमत हे!" मी ओरडले. "कोनी सांगतलं होतं घरी कराले?"

पुढे झुकून डाव्या हाताने त्यांनी नळीचा चाप दाबला आणि नळी ओढून काढली. एका हाताने. त्यांना त्यात बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मी टाकी उचलून धरली.

टाकीच्या न गळणाऱ्या बाजूला थोडं पेट्रोल उरलं होतं. ते मी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत काढलं. जरा वेळाने पाहते तर बरणीत दोन थर. वर पिवळसर पेट्रोल, आणि खाली दोन बोटं तांबडं, गंजाचं पाणी. मग माझं डोकं फिरलं. आमची टाकी सडली कशाने, ते कळलं ना! भेसळ! पंपवाल्यांनी पेट्रोलमध्ये पाणी घातलं आणि माझ्या नवऱ्याची गाडी सडवली. दिवसभराच्या रागाला एकदाची जागा सापडली. नाहीतरी नवीन टाकीत घालायला पेट्रोल आणायचंच होतं.

"जाऊ नको," हे म्हणाले. "अवो, जाऊ नको तू."

मी बरणी आणि पेट्रोलसाठी डबा पिशवीत घातला, पिशवी माझ्या स्कूटरला लटकवली आणि गेले. पंपावर रांग होती. रांगेसमोर मी बरणी वर धरली आणि तिथल्या माणसाला जे काही सुनावलं ते वर्गातसुद्धा कधी कोणाला सुनावलं नव्हतं. तो वयस्कर माणूस होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, आमच्या पेट्रोलात पानी असतं त सकाळपासून येथीसा गाड्यायची लाइन बंद पडून राह्यली असती." लोक हसले. माझ्या डब्यात त्याने पेट्रोल दिलं, झाकण घट्ट आहे का तेही पाहून दिलं. मी तणतणतच परत आले.

निळी टाकी बसवायला संध्याकाळ झाली. तुटलेली वायर यांनी दातात धरून सोलली आणि मी पीळ देऊन चिकटपट्टी लावली. पुढची रबरं बसेनात, तेव्हा यांनी साबण लावायला सांगितलं. मग नळी, मग मागचा बोल्ट, मग सीट. पेट्रोल घातलं, खाली बोट फिरवून पाहिलं. कोरडं. वर्षभर उभी असलेली गाडी, बॅटरी बसलेली. मी पदर खोचून किका मारल्या. पंचविसाव्या का तिसाव्या किकेला गाडी सुरू झाली. हे डोळे मिटून आवाज ऐकत होते. जरा वेळाने त्यांनी हाताने खूण केली आणि मी बंद केली.

घामाने निथळत होते, पण मला वाटलं, नवी टाकी आहे, दसऱ्याची वाट कशाला पाहायची. मी हातपाय धुतले, हळदकुंकवाची कोयरी आणि तांब्या घेऊन आले. आता याच गाडीवर बसायचा हे हट्ट धरतील, आणि मला डॉक्टरांचं सांगावं लागेल; दिवसभर मी जे टाळत होते तेच समोर येऊन ठाकलं होतं. पूजा करेपर्यंत तरी वेळ मिळेल, असा तो हिशेब होता. निळ्या रंगावर स्वस्तिक काढलं. तांब्या उचलला आणि पाणी फिरवून सोडलं.

यांनी डावा हात टाकीच्या झाकणावर ठेवला. पाणी त्यांच्या हातावर पडलं.

"पानी नको."

"काहून?"

त्यांनी झाकणावरच्या बारीक भोकाकडे बोट दाखवलं. हवेसाठी असतं ते. "अंदर जाते."

मला पटकन कळलं नाही. मग हळूहळू एकेक शब्द जुळवत त्यांनी सांगितलं. दर दसऱ्याला मी पूजा करून आत गेले की ते झाकण उघडून आतबाहेर कोरडं पुसून घ्यायचे. दरवर्षी. गेल्या वर्षी पुसायला कोणी नव्हतं.

म्हणजे पाणी घालणारा पंपवाला नव्हता. मी होते. अख्ख्या तांब्याने, मनापासून.

"मंग कधी सांगतलं काहून नाई मले?"

"तुले बरं वाटे," हे म्हणाले.

मी पायरीवर बसले. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता इकू. गळकी गाडी कोनाले देनं बरं नाई. आता देता येते."

"इकू? अन् तुमी दसऱ्याले..."

"ब्रेक," ते म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात उचलून दाखवला, मग उजवा पाय. "दोनी इकडे. गाडी थांबवाची कशी?"

पंधरा वर्षं मी त्या गाडीवर मागे बसले आणि थांबवायचं सगळं उजवीकडे असतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. हे गणिताचे शिक्षक. त्यांनी ते केव्हाच मांडून सोडवून ठेवलं होतं.

"कधीपासून मालूम हाये तुमाले?"

"पेढे आनले तू. तवापासून."

मग तेच पुढे म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. "डॉक्टरनं चांगलं सांगतलं असतं, त तू भांडत आली असती. इतले दिवस काहून लागले म्हनून."

मला हसू आलं, आणि ते तोंडापर्यंत येईतो त्याचं रडू झालं. राग तर होताच. महिनाभर मी चोरासारखी वागत होते, रात्रीची झोप गेली होती, अकोल्याहून मांडीवर टाकी वाहून आणली, नख उखडून घेतलं, आणि हा माणूस सगळं जाणून गप्प बसला होता.

"मंग मले सांगतलं काहून नाई तुमी?"

"तू काहून नाई सांगतलं?"

हे भिजलेला डावा हात तसाच पुढे धरून बसले होते. एक हात ओला झाला की तो पुसायला दुसरा लागतो, आणि दुसरा मांडीवर पडलेला होता. मी पदराने त्यांचा हात पुसला, बोटं एकेक करून. मग त्यांनी झाकणाकडे मान हलवली. मी किल्ली लावून झाकण उघडलं, आतून पुसलं, बाहेरून पुसलं, आणि त्या बारीक भोकात पदराचं टोक घालून फिरवलं.

"आजून थोडं," हे म्हणाले. मी आणखी थोडं पुसलं.